कस्टम रॉड ताब्यात घेताना सरळपणा आणि काम कसं तपासायचं?

भीमाकाठ (धागाकर्ता)
उजनीच्या बॅकवॉटरसाठी मासेमारीचा रॉड बांधून घेतोय. आठ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम हेवी, कार्बन ब्लँक (रॉडची मूळ नळी), स्पिनिंग रील. मुख्य काम तळाला कटला-रोहू, अधूनमधून मरळसाठी फ्रॉग (बेडकासारखं खोटं आमिष). रॉड तयार आहे, निम्मे पैसे द्यायचे बाकी. मुठीकडून टोकाकडे डोळा लावला की पुढचा भाग डावीकडे कललेला दिसतो. बांधणाऱ्यांचं म्हणणं, "एवढं प्रत्येक ब्लँकमध्ये असतं, मासा लागल्यावर दिसणारसुद्धा नाही." हे कितपत खरं? रविवारी सोलापुरात ताब्यात घ्यायचाय. हाताने करून बघता येईल, मोजता येईल असं सांगा. "हातात घेतला की कळतं" हे नको.

चिलापी_फ्राय
मासा लागल्यावर दिसणार नाही हे खरंय. लागेपर्यंत मात्र दिवसभर तेवढंच दिसत राहणार.

ओळंबा
आधी बाक आणि झोल यात फरक करा. आठ फुटी रॉड आडवा धरला की स्वतःच्या आणि गाईडच्या (दोरी ओवायच्या कड्यांच्या) वजनाने टोक खाली येणारच. तो झोल. मुठीत रॉड सावकाश फिरवा. रॉड कसाही फिरवला तरी टोक जमिनीकडेच जात असेल तर झोल आहे, सोडून द्या. रॉडबरोबर टोकही फिरत असेल, म्हणजे डावीकडचं वर आणि वरचं उजवीकडे, तर तो ब्लँकचा बाक.

मोजायचा असेल तर आडवा मोजू नका. बुडख्याकडून टांगा, टोक खाली, आणि शेजारी ओळंबा सोडा. गवंड्याचा नसेल तर दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. दोरा आणि ब्लँक वरच्या अंगाला जुळवून घ्या आणि टोकाशी दोऱ्यापासून अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. गाईडपासून नाही, ब्लँकपासून.

गळवाला_नाना
बाक येतो कुठून ते समजलं तर बांधणाऱ्याशी बोलणं सोपं जाईल. निमुळत्या पोलादी दांड्यावर राळ भरलेलं कार्बनचं कापड गुंडाळतात, वरून प्लॅस्टिकची पट्टी ताणून फिरवतात, भट्टीत भाजतात आणि दांडा ओढून काढतात. कापड जिथे सुरू होतं आणि जिथे संपतं तिथे भिंत एका बाजूला थोडी जाड राहते. भाजताना ती बाजू वेगळी आकसते आणि नळी किंचित वाकते. टोकाकडे नळी बारीक, म्हणून बाक तिथेच जास्त दिसतो. महागड्या ब्लँकमध्येही तो असतो, फक्त कमी असतो.

म्हणजे बांधणाऱ्यांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं नाही. बाक असणं हा कारखान्याचा भाग, पण तो डावीकडे दिसणं हा बांधणाऱ्याचा. गाईड बांधायच्या आधी ब्लँक फिरवून बाक कुठे आहे ते बघायचं आणि तो वर-खालीच्या रेषेत आणायचा, हे त्याचंच काम. बाक वरच्या अंगाला ठेवला की गाईडच्या वजनाने टोक थोडं खाली बसतं आणि वरून बघणाऱ्याला रॉड सरळ दिसतो.

उभा_आडवा
नानांशी अर्धा सहमत. स्पाइनचं काय? ब्लँकची जाड बाजू कुठे आहे ते न बघता सरळ दिसण्यासाठी गाईड बांधले तर मासा ओढताना रॉड हातात पीळ खातो. बुडखा टेबलावर टेकवून, मधे एक हात खाली आणि दुसऱ्याने टोक दाबून फिरवलं की ब्लँक एका जागी उडी मारून बसतो. गाईड त्या रेषेत हवेत. दिसणं नंतर.

गळवाला_नाना
@उभा_आडवा, स्पाइन असतो, नाकारत नाही. पण पीळ येतो तो बहुतांशी गाईड कुठे आहेत त्यावरून. बेटकास्टिंगमध्ये रील आणि गाईड रॉडच्या वर असतात, दोरीचा ताण त्यांना खाली ओढायला बघतो, म्हणून रॉड फिरायला जातो. स्पाइन कुठेही असो. त्यावर उपाय म्हणजे गाईड फिरवत फिरवत टोकाकडे खाली आणायचे, ज्याला स्पायरल रॅप म्हणतात. स्पिनिंगमध्ये गाईड आधीच खाली लटकतात, तिथे पिळाचा प्रश्न जवळजवळ नाहीच. धागाकर्त्याचा रॉड स्पिनिंगचा आहे, तेव्हा सरळ रेषेला प्राधान्य.

शिवाय बऱ्याच ब्लँकमध्ये दाबून फिरवल्यावर जी उडी जाणवते ती जाड बाजूमुळे की बाकामुळे, हे सांगता येत नाही. दोन्ही एकत्रच जाणवतं.

उभा_आडवा
स्पिनिंगपुरतं मान्य. बेटकास्टिंगवर नवा धागा काढू, तिथे भांडू.

पेठेतली_सुई
रॉड नुसता जोडून बघितला तर बाक कुठल्या तुकड्यात आहे ते कळत नाही. म्हणून हे करा: पुढचा तुकडा जोडात पाव फेरा फिरवा. कल त्याच्याबरोबर फिरला तर दोष पुढच्या तुकड्यात. कल डावीकडेच राहिला तर मागच्या तुकड्यात. आणि नीट बघा, वळण हळूहळू आहे की जोडापासून एकदम कोन झालाय. एकदम कोन असेल तर जोड तिरका बसतोय, तो ब्लँक परतच करायचा, त्याला इलाज नाही.

वडापुरी
ओ साहेब, इतकं मोजून रॉड घेतला तर मासे कधी धरणार? आमच्या वडलांची बांबूची काठी वाकडीच होती की.

माणगा
@वडापुरी, बांबूचा बाक काढता येतो, तिथेच फरक आहे. कोकणातला माणगा भरीव असतो. पेर विस्तवावर धरून फिरवत शेकायचं, हाताला सोसणार नाही इतकं तापलं की उलट्या बाजूला दाबून धरायचं आणि थंड होईपर्यंत सोडायचं नाही. पेरापेराने करत जायचं. कार्बनची राळ एकदा भाजली की परत मऊ होऊन नवा आकार घेत नाही. कुणी "हीट गनने सरळ करून देतो" म्हणालं तर रॉड उचलून बाहेर पडा. भिंतीतली राळ जळते आणि पहिल्या जोराच्या फेकीत तिथेच तुटतो.

ओळंबा
किती बाक चालेल हे कुणी सांगितलं नाही. माझा ठोकताळा: चार फुटी पुढच्या तुकड्यात टोकाशी 5-6 मिमी असेल आणि वर-खाली असेल तर विसरून जा. सेंटिमीटरच्या वर गेला तर ब्लँक बदलून मागा. मधला असेल तर दिशा बघून ठरवा.

दोरी_तुटली
सरळपणावर सगळे अडकलेत. गाईड वाकडे बांधले असतील तर सरळ ब्लँकही वाकडा दिसतो! डोळा ब्लँकला लागतच नाही, कड्यांच्या रांगेला लागतो. रील बसवा, रॉड उलटा करा म्हणजे गाईड वर येतील, आणि मुठीकडून उजेडाकडे बघा. सगळी कडी एकात एक बसलेली दिसायला हवीत आणि रीलचा पाय त्याच रेषेत. मग टोकाकडून परत बघा. एका बाजूने डोळा फसतो.

बहुतेक वेळा फिरलेलं असतं ते टिप टॉप, म्हणजे टोकाचं शेवटचं कडं. ते गरम गोंदाने चिकटवलेलं असेल तर लायटरची ज्योत लांबून त्याच्या धातूच्या नळीला दाखवायची, ब्लँकला नाही. गोंद सुटला की फडक्याने धरून फिरवायचं. इपॉक्सीने (दोन भाग कालवून लावायच्या पक्क्या गोंदाने) चिकटवलं असेल तर हे काम बांधणाऱ्याकडेच.

गळवाला_नाना
दोरी_तुटली यांचा मुद्दा महत्त्वाचा. त्याला जोडून भाराची चाचणी, कारण रॉड सरळ उभा असताना अर्ध्या गोष्टी लपतात.

रील लावा, दोरी सगळ्या गाईडमधून ओढा, टोकाला एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधा. म्हणजे साधारण एक किलो. मीडियम हेवीला एवढं चालतं, हलक्या रॉडला अर्धी बाटली. मूठ जमिनीशी 45 अंशात धरून बाटली सावकाश उचला. मूठ उभी करून टोक मागे आणू नका, त्यात टोकाचा वीतभर भागच सगळा भार घेतो आणि तुटतो. आता दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा:

कमान एकसारखी हवी. एखाद्या गाईडच्या पायाशी ती सपाट होऊन पुढे एकदम वळत असेल तर पाय जाड आहे किंवा वर इपॉक्सी जास्त. दोन गाईडमध्ये दोरी कमानीपासून फार दूर जात असेल तर तिथे गाईड कमी पडलाय. आठ फुटी स्पिनिंगला टिप टॉप सोडून आठ-नऊ गाईड हे सर्वसाधारण. मग मागून बघा, टोक सरळ खाली जातंय की बाजूला सरकतंय. आणि आवाज ऐका. नीट बांधलेला रॉड भाराखाली बोलत नाही. जोडातून किंवा रील सीटमधून (रील बसवायच्या जागेतून) टिक आली तर तिथे पोकळी आहे.

चिलापी_फ्राय
बाटली कुठल्या कंपनीची चालेल?

गळवाला_नाना
ज्यात पाणी आहे ती.

बुडखा
टिक रील सीटमधून येत असेल तर कारण बहुधा एकच. सीटचं भोक ब्लँकपेक्षा मोठं असतं, ती जागा मास्किंग टेप गुंडाळून भरतात. टेप पूर्ण लांबीभर घट्ट गुंडाळला की इपॉक्सी फक्त टेपला चिकटतं, ब्लँकला नाही. पाणी गेलं की टेप कुजतो आणि सीट फिरायला लागते. नीट करणारे टेपचे अरुंद वेढे अंतर सोडून घालतात आणि मधली जागा इपॉक्सीने गच्च भरतात, किंवा फोमची भरणीची नळी (आर्बर) कानशीने ब्लँकच्या मापाला आणतात. बाहेरून दिसत नाही, म्हणून एका हातात ब्लँक आणि दुसऱ्यात सीट धरून पिळा. जोर लावून. नवीन रॉडला काही होत नाही, झालं तर दुकानात झालेलं बरं.

सीटला पाच मिनिटांचं इपॉक्सी वापरलंय का ते विचारा. चोवीस तासांचं हवं. पाच मिनिटांचं भरेपर्यंतच घट्ट व्हायला लागतं आणि पोकळी राहते.

पेठेतली_सुई
रॅपिंग, म्हणजे गाईड दोऱ्याने बांधलेलं काम, कसं बघायचं ते सांगते. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करा.

गाईडच्या पायाचं टोक बघा. दोरा ब्लँकवरून पायावर चढतो तिथे त्रिकोणी फट दिसत असेल तर पाय कानस न मारता तसाच बांधलाय. तो जाड कडेवरून दोऱ्याला चढायला लावतो, शिवाय वाकल्यावर ती कड ब्लँकमध्ये रुतते. रॉड गाईडपाशी तुटतात त्याचं हे एक ठरलेलं कारण. पायाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली लांब बोगदा राहतो, तो इपॉक्सीने भरलेला हवा. रिकामा असेल तर बाजूने बघताना चांदीसारखी रेघ चमकते. तिथून पाणी आत जातं, पाय गंजतो.

उलट टोकही वाईट. इपॉक्सीचा थर दोन्हीकडून निमुळता हवा. मधे फुगून निंबोळीएवढा झाला असेल तर दिसायला चकचकीत, पण टोकाकडे तेवढं वजन वाढलं की ब्लँक सुस्त होतो.

नखाची परीक्षा: इपॉक्सी लावून आठवडा झाला असेल तर अंगठ्याचं नख दाबल्यावर खूण उठायला नको. उठली किंवा बोट चिकटलं तर दोन भागांचं प्रमाण चुकलंय किंवा नीट ढवळलेलं नाही. ते वाट बघून घट्ट होत नाही. वरून व्यवस्थित मोजलेला नवा थर दिला की काम होतं, सगळं काढायची गरज सहसा नसते.

वडापुरी
बुडबुडे पण बघायचे का?

पेठेतली_सुई
दिसण्यापुरते. दोऱ्याच्या वर तरंगणारा एखादा बुडबुडा निरुपद्रवी. आपल्याकडे उन्हाळ्यात दुकान चाळिशीच्या वर तापलं की इपॉक्सी वाटीतच घट्ट व्हायला लागतं, बुडबुड्यांना वर यायला वेळ मिळत नाही. शहाणा माणूस थोडं थोडं कालवतो, वाटीऐवजी फॉइलवर पसरतो आणि सकाळी लवकर काम उरकतो.

चिलापी_फ्राय
सोलापुरात राहून दोरा बाहेरून मागवायचा म्हणजे फारच. चादरीचा सूत चालत नाही का बे?

पेठेतली_सुई
नाही. सुताला लव असते. इपॉक्सी लावलं की एकेक तंतू उभा राहतो आणि पृष्ठभाग काट्यासारखा होतो. शिलाई मशीनचा साधा पॉलिस्टर दोराही तसाच, तो आखूड तंतू पिळून केलेला असतो. अखंड तंतूचा नायलॉन हवा. हलक्या गाईडला ए साईझ, जाड कामाला डी. आणि नायलॉनवर आधी रंग टिकवणारं द्रव्य लावलं नसेल तर इपॉक्सीने रंग गडद, अर्धपारदर्शक होतो. तो दोष नाही, पण लाल सांगितला आणि तपकिरी मिळाला म्हणून वाद होतात.

उभा_आडवा
जोडाबद्दल फार कमी लिहिलंय. दोन तुकडे घट्ट बसवल्यावर मूठ धरून टोक झटका, दुसऱ्याचं बोट जोडावर. ठोका जाणवला तर सैल. बाहेरच्या तुकड्याच्या तोंडाशी दोऱ्याची मजबूत पट्टी हवीच, नसेल तर तिथे उभी चीर जाते. आतल्या दांडीचा जोड असेल, म्हणजे दोन्ही नळ्या सारख्या जाडीच्या दिसत असतील, तर त्या एकमेकींना पूर्ण टेकायला नकोत. मधे सेंटिमीटरभर फट ठेवतात, झिजत जाईल तशी ती कमी होते. नवीन रॉडलाच टेकत असेल तर झिजायला जागाच उरली नाही.

आपल्याकडची धूळ बघता प्रत्येक वेळी पुसून मग जोडा. साधी मेणबत्ती घासली की बास. तेल नको.

ओळंबा
कडी राहिली. इअरबडच्या कापसाने प्रत्येक कडं आतून पुसा. कापसाचा तंतू अडकला तर चीर आहे, ब्रेड (विणलेली) दोरी एका दिवसात तुटेल. ब्रेड वापरणार असाल तर सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्कोनाइटची कडी मागा. बिननावाच्या स्वस्त कड्यांमध्ये ब्रेडने खाचा पडतात.

मोजपट्टी
कुणाला पॉवर (रॉड किती ताठ ते) आकड्यात हवी असेल तर विल्यम हॅनेमन यांची कॉमन सेंट्स पद्धत आहे. मूठ आडवी पक्की करायची, टोकाला पिशवी टांगायची आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत वजन वाढवायचं. आठ फुटीला ते 81 सेंटिमीटर. मूळ पद्धतीत अमेरिकन सेंट वापरतात, 1982 नंतरचं नाणं अडीच ग्रॅमचं. आपली पाचाची नाणी घेऊ नका, जुनी जाड 9 ग्रॅमची आणि नंतरची 6 ग्रॅमची, एकत्र आली की हिशेब बिघडला. पिशवीत सिरिंजने पाणी घाला, एक मिली म्हणजे एक ग्रॅम. "मीडियम हेवी" हा शब्द प्रत्येक कारखान्याचा वेगळा असतो, ग्रॅम सगळीकडे सारखेच.

भीमाकाठ
आज जाऊन आलो. निकाल:

पुढचा तुकडा फिरवला की कल त्याच्याबरोबर फिरतो. वळण हळूहळू आहे, जोडापाशी कोन नाही. ओळंब्याला टोकाशी 8 मिमी, डावीकडे. गाईड आणि रील एका रेषेत, टिप टॉप किंचित फिरलेलं. भाराला कमान चांगली, टोक बाजूला सरकत नाही. सीट गप्प. जोड ठीक, वर पट्टी आहे. मुठीकडच्या पहिल्या दोन गाईडवर नखाची खूण उठते. बांधून दोन आठवडे झालेत.

गळवाला_नाना
म्हणजे ब्लँक घेण्यासारखा आहे. 8 मिमी मधलं माप, दिशा चुकलेली. पुढच्या तुकड्याचे गाईड काढून परत बांधायला सांगा. मुठीकडून बघताना तुकडा घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवला की डावीकडचा बाक वर येतो, त्या स्थितीत जे खाली येईल तिथे नवे गाईड. गाईडमधली अंतरं आहेत तीच ठेवा, भाराला ती बरोबर निघाली आहेत. जोडावरची जुळणीची खूणही नवीन करावी लागेल.

उभा_आडवा
8 मिमीसाठी परत बांधणं मला जास्त वाटतं. प्रत्येक वेळी पातं चालवलं की ब्लँकला ओरखडा जायची भीती. भाराला टोक सरकत नाही असं तेच लिहितायत.

पेठेतली_सुई
पातं कुठे चालवतो त्यावर आहे. फक्त गाईडच्या धातूच्या पायावरून छेद द्यायचा, ब्लँकवरून कधीच नाही. हेअर ड्रायरने कोमट करायचं, इपॉक्सी मऊ झालं की दोऱ्याचं टोक पकडून ओढायचं, सालीसारखं निघतं. उरलेलं नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने. तुमच्यासमोर एक गाईड काढून दाखवायला सांगा, हात कळेल. पाय खरवडताना ब्लँकवर स्टीलचं पातं टेकवलं तर बाकीचे तसेच राहू द्या आणि 8 मिमीवर समाधान माना.

मऊ राहिलेल्या दोन गाईडना मात्र वरून नवा थर हवाच. ते फुकट करून मिळायला हवं, प्रमाण त्यांचं चुकलंय.

भीमाकाठ
बोललो. गाईड तेच वापरणार, पुढच्या तुकड्याचा दोरा आणि इपॉक्सी एवढेच पैसे लावणार, मुठीकडचे दोन आणि टिप टॉप फुकट करून देणार. एक गाईड समोर काढला, छेद पायावरच दिला. बाकी पैसे काम झाल्यावर. इपॉक्सी लावल्यापासून किती दिवसांनी पाण्यावर न्यावा?

पेठेतली_सुई
चोवीस तासांत हात लावण्याजोगा होतो, भार द्यायला पूर्ण आठवडा थांबा. त्या आठवड्यात कापडी पिशवीत गुंडाळू नका, विणीचे ठसे उमटतात. आणि बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

बुडखा
आणि काठावर वरून विजेच्या तारा जातात तिथे फेकायच्या आधी वर बघा. कार्बनमधून वीज वाहते.

चिलापी_फ्राय
रॉड झाला. आता रीलचा धागा काढा, तिथे पाण्याची बाटली मी आणतो.